आर्वीचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान: जुना संच घेऊन बिनधास्त जा

बाबांच्या पिक्चर ट्यूबवाल्या टीव्हीचे रंग गेले होते. सगळे म्हणाले, भंगारात द्या. या दुकानातल्या भाऊंनी आधी मागचं झाकण उघडलं अन् समजावलं: "पाल (PAL) म्हणजे या जुन्या टीव्हीची रंगीत सिग्नलची पद्धत. तिच्यात उजेडाचा सिग्नल अलग, रंगाचा अलग. रंग गेला तरी चित्र राह्यते जी!"

म्हणूनच 1982 मध्ये दूरदर्शन रंगीत झाल्यावरही जुने कृष्णधवल संच चालत राहिले. कापसाच्या चुकाऱ्यातून रंगीत संच घेणं सोपं नव्हतं. बाबा कितीतरी वर्षं काचेपुढं रंगीत प्लास्टिक लावून बघत.

भाऊंनी रंगाचा सिग्नल उलगडायला लागणारा 4.43 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल बदलला, सेटटॉप बॉक्स जोडून दाखवला. पैसे रास्त, काढलेला जुना भागही हातात दिला. फक्त सुटा भाग यायला वेळ लागतो, तेवढी वाट पाहा.