फिल्टर पाना घेण्याआधी फिल्टरचं बूड मोजा

गाडीचं ऑइल मी गेली चार वर्षं घरीच बदलते, नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये. अप्पा मायकोत, म्हणजे आताच्या बॉशमध्ये, टूलरूमला होते. त्यामुळे वर्निअर, गोट्यांचा (सॉकेटचा) सेट, त्या फिरवायची रॅचेट हे सगळं घरात लहानपणापासून पाहिलेलं. ऑइल फिल्टर सोडवायचा फिल्टर पाना मात्र नव्हता. तो घेताना मी दोनदा चुकले आणि तिसऱ्या खेपेला नीट घेतला. गाडी छोटी पेट्रोल हॅचबॅक, फिल्टर पत्र्याच्या डब्याचा, आट्यांवर फिरवून बसवायचा.

पहिल्या वेळी फिल्टर जागचा हलेना. त्याआधीची सर्व्हिस एका गॅरेजमध्ये झाली होती आणि तिथे तो पान्याने आवळला होता. रबरी गॅस्केट, म्हणजे ऑइल गळू न देणारी कडी, कोरडीच बसवलेली. इंजिनाच्या उष्णतेने असं रबर बसायच्या जागेला चिकटून जातं आणि मग हाताचा जोर पुरत नाही. शेजारच्यांनी सुचवलं, स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोका आणि फिरवा. मी ते केलं नाही, तुम्हीही करू नका. पत्रा पातळ असतो, तो फाटतो. ऑइल अंगावर येतं आणि फिल्टर न सुटता अर्धवट फाटून बसला, तर पाना लावायलाही जागा राहत नाही.

ऑनलाइन रबरी पट्ट्याचा पाना मागवला, साडेतीनशे रुपयांना. बरणीचं झाकण उघडायला उत्तम. फिल्टरवर ऑइलचा एक थेंब ओघळला की पट्टा गुळगुळीत फिरतो, फिल्टर तिथल्या तिथे. मी फिल्टर चिंधीने कोरडा पुसला, पॉलिश पेपरची पट्टी खरखरीत बाजू पत्र्याकडे करून गुंडाळली आणि वरून पट्टा लावला. मग पकड आली. पण जोर दिल्यावर पट्टाच तुटला. पट्ट्याचाच पाना घ्यायचा असेल तर जाड नायलॉनचा, रॅचेट लावायला चौकोन असलेला बघा. आणि पट्टा कुठल्याही प्रकारचा असो, तो डब्याच्या इंजिनाकडच्या टोकाला, शिवणीजवळ लावा. तिथे डबा मजबूत असतो; मधोमध लावलात तर चेपतो.

मग द्वारका सर्कलजवळच्या एका स्पेअर पार्ट्सच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या काकांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘ताई, फिल्टर आणलाय का?’’ मी गाडीचं नाव सांगायला लागले तर म्हणाले, ‘‘गाडीवर नका जाऊ. बूड दाखवा.’’ एवढा एक प्रश्न ऑनलाइन खरेदीत कुणीच विचारला नव्हता. नवा फिल्टर पिशवीत होता. त्यांनी बुडाच्या, म्हणजे फिल्टरच्या बंद टोकाच्या, कडेचे पैलू मोजले, १४. वर्निअरने बूड ६५ मिमी. त्या मापाचा कप पाना दिला, दोनशे ऐंशीला. हा म्हणजे फिल्टरच्या बुडावर टोपीसारखा बसणारा पाना. आजूबाजूला पाइप आणि वायरी असल्या तरी चालतो, कारण तो फक्त बुडाकडून जातो. आमच्याकडे टपारियाची अर्धा इंची रॅचेट आहे (कंपनीचा कारखाना इथेच, सातपूरला). ती आणि एक एक्स्टेंशन लावलं, आणि पट्ट्याला न जुमानलेला फिल्टर एका झटक्यात सुटला. पैलूंवर ओरखडाही नाही.

पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीचा फिल्टर मिळाला. गाडी तीच. पैलू १४ च, पण बूड ६८ चं. कप बसेना. कप पान्याची अडचण हीच आहे: तो गाडीचा नसतो, त्या फिल्टरचा असतो. दरवेळी एकाच कंपनीचा फिल्टर घालणार असाल, तर याच्यासारखा दुसरा नाही.

म्हणून शेवटी तीन पायांचा पाना घेतला, पाचशे वीस रुपये, ६५ ते ११० मिमी. वरचा चौकोन रॅचेटने फिरवला की आतले दात तिन्ही पाय आत ओढतात, आणि जितका जोर द्याल तितकी पकड घट्ट होते. माप चुकायची भीती नाही. मात्र पाय बाहेर पसरतात, त्यामुळे फिल्टरभोवती सगळीकडून बोटभर तरी मोकळी जागा लागते. डबा चेपतोही. जुना फिल्टर फेकायचाच असल्याने चालतं, पण नवा या पान्याने कधीच आवळू नका. घेताना पाय हाताने हलवून बघा. ढिले असतील तर ठेवून द्या.

ज्यांच्या गाडीत पत्र्याच्या डब्याऐवजी प्लास्टिकची टोपी आणि आत कागदी एलिमेंट असतं, त्यांनी तीन पायांच्या वाटेला जाऊच नये. टोपी तडकेल. तिथे नेमक्या मापाचा कप किंवा टोपीवरच्या षटकोनाला बसणारी गोटी, आणि बसवताना टॉर्क पाना, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळता येईल असा. किती आवळायचं ते बहुतेक वेळा टोपीवरच कोरलेलं असतं.

डब्याचा नवा फिल्टर बसवताना पाना लागतच नाही. जुनी गॅस्केट इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघा. एकावर एक दोन गॅस्केट बसल्या तर इंजिन चालू होताच ऑइल बाहेर उडतं. नव्या गॅस्केटला नवं ऑइल चोळा, ती टेकेपर्यंत हाताने फिरवा आणि मग माझ्या गाडीला पाऊण फेरा. तुमच्यासाठी फिल्टरच्या खोक्यावर लिहिलेलं असेल. असं बसवल्यापासून माझा फिल्टर कप पान्याच्या हलक्या हिसक्याने सुटतो.

काढलेलं काळं ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्यांना द्या, त्यांच्याकडे ते पिंपात जमा होतं. आमच्या भागातली गटारं नासर्डीला आणि पुढे गोदावरीला मिळतात, तिथे एक वाटीही ओतू नका.

तीन पायांचा पाना सध्या निफाडला भावाकडे आहे. त्याच्या ट्रॅक्टरचा फिल्टर मी मोजला, ९३ मिमी, आणि तिथे भोवती जागाही भरपूर आहे. त्याचा चेन पाना पत्र्याला खोल खाचा पाडत होता. परवा फोनवर म्हणाला, ‘‘ताई, हा राहू दे माझ्याकडेच.’’ राहू दे म्हटलं. मी ६८ चा कप घेऊन टाकला.