टेकडीवरचे सहा रविवार: ३,६०० रुपये वसूल झाले का?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते, त्यामुळे दुसऱ्याच्या शिकवण्याकडे बघताना माझी नजर जरा खडूस असते, हे आधीच सांगून टाकते. सोसायटीच्या ग्रुपवर जाहिरात आली होती: सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी पुण्याच्या वेताळ टेकडीवर निसर्गवर्ग, सहा रविवार, सकाळी सात ते साडेनऊ, फी ३,६०० रुपये. नवरा म्हणाला, "टेकडीवर जायचे पैसे? आपण तर रोज फुकट जातो." जातो खरं, पण कानात इअरफोन खुपसून, पावलं मोजत. ओजसला (वय आठ) त्यात टेकडी कमी आणि आमची पाठच जास्त दिसते. म्हणून पैसे भरले.

संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही. पुढे तक्रारी आहेत, आणि तिथली शिकवणारी ताई मला मनापासून आवडली आहे.

पालकांनी आळीपाळीने सोबत यायचं होतं. मी जिथे जमेल तिथे दुसऱ्यांचीही पाळी घेतली, आणि सहापैकी चार रविवार गेले. पहिला ओळखपाळखीत आणि टोपी हरवण्यात संपला. दुसऱ्या रविवारी मात्र मी गार झाले.

आदल्या रात्री पाऊस झाला होता आणि सकाळी लख्ख ऊन पडलं होतं. एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या बाजूने वर चढलो, तर पायवाटेच्या कडेला मुंग्यांचं बीळ. तोंडाभोवती मातीच्या पाकळ्या रचलेल्या, जमिनीत अर्धवट रुतलेलं फूलच जणू. ताई तिथे उकिडवी बसली आणि काही बोललीच नाही. बावीस पोरं तिच्याभोवती बसली. मी वर्गात चार मिनिटं गप्प राहू शकत नाही, ही बाई चाळीस मिनिटं त्या बिळापासून हलली नाही.

मुंग्या आतून गवताचं बी बाहेर आणून उन्हात पसरत होत्या. एक मुलगी म्हणाली, "आमची आज्जी गच्चीवर घालते तसं वाळवण आहे हे." तेव्हा कुठे ताईने तोंड उघडलं: "ओलं धान्य आत राहिलं असतं तर काय झालं असतं?" थोडा वेळ शांतता. मग मागून आवाज आला, "मोड आले असते." "बिळात मटकीची उसळ!" असं कुणीतरी ओरडलं आणि सगळे फिदीफिदी हसले. धान्य गोळा करणाऱ्या मुंग्या ओलं झालेलं बी बाहेर वाळत घालतात, हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं असतं तर पोरांनी वहीत उतरवून घेतलं असतं आणि विषय तिथेच मिटला असता.

मग पैज लागली. बिळापासून वीतभर अंतरावर चिमूटभर साखर, कुणाच्या तरी डब्यातली शेव आणि नाचणीचे दाणे ठेवले. बहुतेकांनी साखरेवर पैज लावली. पहिला दाणा गेला नाचणीचा. ओजस अजून त्या साखरेवर रागावलेला आहे.

गौरी बसायच्या आधीच्या रविवारी तेरडा होता. निम्मा वेळ पोरांनी पिकलेली बोंडं चिमटीत धरून फोडण्यातच घालवला आणि ताईने घालवू दिला. जाताना एकच काम दिलं: 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण खरी की खोटी, ते घरी तपासा. आमच्या ओट्यावर पेल्यात तेरड्याची फांदी आली. दोन फुलं दुसऱ्याच दिवशी गळली, एक चौथ्या दिवशीही तग धरून होतं. ओजसने वहीत लिहिलं, "म्हण सरासरी बरोबर आहे." सरासरी हा शब्द त्याने कुठून उचलला, कोण जाणे.

गिरिपुष्पाची गोष्टही ताईने छान सांगितली. टेकडीवर ही झाडं भराभर वाढतात म्हणून लावलेली, मूळची परदेशी. आपल्याकडे त्यांना उंदीरमारी का म्हणतात, हे तिने सांगितलं. मग एकदा गिरिपुष्पाखाली आणि एकदा इथल्याच पळसाखाली उभं राहून पायाखाली काय काय उगवलंय ते मोजायला लावलं. टेकडीतून काढायच्या बालभारती–पौड फाटा रस्त्याचा वाद तिने काढला नाही. तेही मला बरं वाटलं, आठ वर्षांच्या पोराला आधी टेकडी आवडू द्यावी.

डी.एड.ला असताना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कोसबाडच्या कामाबद्दल वाचलं होतं. पोरं गुरांमागे रानात जातात म्हणून तिथेच भरवलेली कुरणशाळा. आता शहरातली पोरं रानात जात नाहीत म्हणून आपण पैसे भरून त्यांना नेतो. आणि २०२०च्या शैक्षणिक धोरणातले दप्तराविना दहा दिवस आहेत सहावी ते आठवीसाठी. माझ्या तिसरीला परिसर अभ्यासाचं पुस्तक आहे, पण परिसरात जायचं तर परवानगीचा कागद लागतो.

आता तक्रारी.

बावीस मुलांमागे ताई, एक मदतनीस आणि एक पालक हे प्रमाण मला पटलं नाही. माथ्यावरच्या जुन्या खाणीत पावसाळ्यात पाणी असतं. तिथे काठाशी दोन मुलं वाकून बघत होती आणि मदतनीस फोटो काढण्यात गुंग. मी ओरडले. नंतर 'सूचना नोंदवून घेतली आहे' असा मेसेज आला, पण पुढच्या रविवारीही मोठी माणसं तेवढीच.

दुसरं, शेवटचा अर्धा तास वर्कशीटचा. प्लास्टिकमध्ये लॅमिनेट केलेला इंग्रजी कागद, त्यावर खुणा करायच्या. ज्या पोराने नुकताच कोतवाल पक्षी बघून "अरे, शेपटीला कात्री!" म्हटलं, त्याला तिथे 'ब्लॅक ड्राँगो'ची चौकट शोधत बसवायचं. ताई तोंडाने होला, सातभाई, भटक्या फुलपाखरू म्हणत होती, कागद वेगळंच बोलत होता. शेवटी 'ज्युनिअर नॅचरलिस्ट' असं प्रमाणपत्र आणि ते हातात धरून फोटो. माझ्या मते ते छापायचे पैसे आणखी एका मदतनीसावर खर्च करावेत.

तिसरं, टेकडीवर स्वच्छतागृह नाही आणि जाहिरातीत त्याचा उल्लेखही नाही. घरूनच उरकून जा.

पण सगळ्यात मोठी गोष्ट पाचव्या रविवारची. ताई आजारी होती, तिच्या जागी एक तरुण आला. हुशार होता, कान तयार होता. अडीच तासांत त्याने एकतीस पक्ष्यांची नावं सांगितली आणि पोरांना भराभर चालवलं. घरी आल्यावर ओजसला एकही नाव सांगता आलं नाही. टेकडी तीच, फी तीच.

मी माझ्या शाळेत मुंग्यांचा प्रयोग करून बघितला. शाळेमागच्या बांधावर, पुडीभर नाचणी घेऊन. एक मुलगा म्हणाला, "बाई, हे बीळ तर मला माहिती होतं. तुम्हीच कधी विचारलं नाही."

डिसेंबरच्या तुकडीचा मेसेज आला आहे, फी आता ४,२०० रुपये. मी उलट एकच प्रश्न विचारलाय, ताई असणार का? निळी टिक येऊन दोन दिवस झाले.