सिक्युअर बूट बंद न करता उबुंटू: आठ महिन्यांनंतर

लॅपटॉप घेतला तेव्हा ऑफिसात सगळ्यांचा सल्ला एकच, सिक्युअर बूट बंद कर आणि मोकळा हो. सिक्युअर बूट म्हणजे मशीन सुरू होताना फक्त विश्वासू सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय. मी ती हट्टाने सुरू ठेवली. आज पस्तावा नाही, पण पहिल्या आठवड्यात डोक्याला ताप भरपूर झाला.

उबुंटूचा (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम, लिनक्सवाली) पेनड्राइव्ह लावला, तर मशीन सरळ विंडोजवर. उबुंटूला जागं करणारा सुरुवातीचा प्रोग्रॅम (बूटलोडर), शिम, हा मायक्रोसॉफ्टच्या थर्ड पार्टी कीने सही केलेला असतो आणि माझ्या मॉडेलमध्ये नेमकी तीच की बंद होऊन आलेली. कस्टमर केअर म्हणे, 'सर, आम्ही फक्त विंडोजला सपोर्ट देतो.' शेवटी बायोसच्या, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगच्या, सिक्युरिटी पानावर पार तळाशी ते ऑप्शन सापडलं. सुरू केलं, आणि पुढच्या वेळी विंडोज उघडताना डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या बिटलॉकरने ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. बायको फोनवरून सहा-सहा आकडे वाचतेय, मी टाइप करतोय, पाचव्या गटात चुकतोय! ही की आधीच कागदावर उतरवून ठेवा, एवढं तरी ऐकाच.

दुसरा घोळ एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचा. त्याच्यावरची सही मशीनला मान्य व्हायला मॉक, म्हणजे मशीन ओनर की, मालकाची किल्ली, नोंदवावी लागते. रीस्टार्टनंतर त्यासाठीची निळी स्क्रीन जेमतेम दहा सेकंद थांबते. मी चहा गाळायला उठलो, ती निघून गेली. मग टर्मिनलवर 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'. ही किल्ली नोंदवायची मॉकयूटिलची कमांड परत चालवली, या वेळी खुर्ची सोडली नाही, 'एनरोल मॉक' निवडून पासवर्ड दिला. तेव्हापासून कर्नल, म्हणजे उबुंटूचा गाभा, कितीदा अपडेट झाला, ड्रायव्हरवर सही आपोआप होते.

ब्लॅकलोटस हा विंडोजच्याही आधी जागा होणारा मालवेअर २०२३ मध्ये उजेडात आला. त्याने सिक्युअर बूटलाही चकवलं, हे खरं. म्हणून दाराची कडी काढून झोपायचं का?

खटकतं ते वेगळंच. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हा नेहमीच्या इंटेल-एएमडी पीसीवर सिक्युअर बूट बंद करायची सोय देणं कंपन्यांना बंधनकारक होतं. एआरएम चिपवाल्या मशीनसाठीच्या विंडोज आरटीवर मात्र मनाई. विंडोज १० पासून पीसीवरची ती सोयही कंपनीच्या मर्जीवर. पैसे मी मोजायचे आणि माझ्या मशीनवर काय चालेल ते दुसऱ्याने ठरवायचं.

गेल्या महिन्यात भावासाठी लॅपटॉप घेताना दुकानातच बायोस उघडायला लावलं. विक्रेता वैतागला, मागचं गिऱ्हाईक घड्याळ बघायला लागलं. तिसऱ्या मॉडेलवर थर्ड पार्टी की सुरू करायचं आणि सिक्युअर बूट बंद करायचं, असे दोन्ही ऑप्शन दिसले. तोच घेतला.