मोजून घेतलेल्या नोटा कमी कशा भरल्या? बालीतला अनुभव

नोटा नीट मोजून घेतल्या की आपल्याला कोण फसवतंय, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमच्या घरात तसंच वाटायचं, आणि त्याला कारणही होतं. माझे सासरे, अप्पा, सहकारी बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झाले. दिवाळीच्या आधीच्या गर्दीत खिडकीपुढे रांग लागलेली असताना कोणाशी बोलत बोलत गड्डी मोजून पुढे सरकवणारा माणूस. संध्याकाळी कॅश जुळली नाही असं क्वचितच व्हायचं, असं त्यांचे जुने सहकारी अजून सांगतात. त्याच अप्पांनी स्वतः मोजलेल्या रकमेतून, त्यांच्या डोळ्यांदेखत, चाळीस नोटा गेल्या. मोजणी बरोबर होती, तरीही गेल्या.

आम्ही नाशिकहून बालीला गेलो होतो. अप्पा, सासूबाई, आम्ही दोघं आणि मुलगी. बालीत पहिले एक-दोन दिवस शून्यांशी झटापट करण्यातच जातात. एक लाख रुपियाची (हे इंडोनेशियाचं चलन) लाल नोट म्हणजे तेव्हा आपले साधारण सव्वापाचशे रुपये. पन्नास हजारांची नोट निळी, वीस हजारांची हिरवी. त्यात तिथे आकडा लिहिताना स्वल्पविरामाच्या जागी टिंब देतात आणि तेही तीन-तीन शून्यांवर, त्यामुळे आपल्या लाख-कोटीच्या सवयीचा डोळा गडबडतो. नारळपाणी पंचवीस हजार ऐकून सासूबाईंनी शहाळं परत ठेवलं होतं. हा गोंधळ तिथल्या लबाड दुकानदारांना पक्का ठाऊक असतो.

कुटा या बालीतल्या पर्यटकांच्या भागात, तिथल्या गल्ल्यांमध्ये पैसे बदलून देणाऱ्यांचे फलक पावलोपावली दिसतात. आम्ही पाहिलेल्या नीटनेटक्या दुकानांत त्या दिवशी एका डॉलरला १६,३०० च्या आसपास भाव होता. एका फलकावर मात्र १६,८०० लिहिलेलं, खाली ‘नो कमिशन’. दुकान म्हणजे सारोंग आणि टोप्यांच्या मागे दडलेलं एक छोटं टेबल. आत दोघं तरुण. आम्हाला पाहताच, “इंडिया? नमस्ते! शाहरुख खान!” एकाने सासूबाईंना स्टूल आणून दिलं, मुलीच्या हातात लाकडी बेडूक दिला, काडी घासली की डराव करणारा. इतकं अगत्य पाहून कोणाला संशय येणार? आता मागे वळून पाहिलं की त्या स्टुलाची आणि बेडकाची जागासुद्धा ठरलेली होती असं वाटतं.

अप्पांनी तीनशे डॉलर दिले. कॅल्क्युलेटरवर ५०,४०,००० आले, ते बरोबर होतं. काही ठिकाणी कॅल्क्युलेटरच बिघडवलेला असतो असं वाचून आम्ही फोनवरही हिशेब करून पाहिला. त्या माणसाने सगळी रक्कम वीस हजारांच्या नोटांत काढली. अप्पा म्हणाले, मोठ्या नोटा दे. त्याने हात हलवून दाखवलं, संपल्या. मग दहा-दहा लाखांच्या पाच गड्ड्या, प्रत्येकी पन्नास नोटांच्या, टेबलावर मांडल्या आणि वर सुट्या दोन नोटा.

अप्पांनी एकेक गड्डी मोजली. चौथीत एकोणपन्नास भरल्या. त्यांनी पुन्हा मोजल्या, पुन्हा एकोणपन्नास. “एक कमी आहे,” त्यांनी बोट दाखवलं. तो माणूस ओशाळला, कपाळाला हात लावून “सॉरी पापा, सॉरी” म्हणाला, एक नोट काढून गड्डीवर ठेवली. अप्पांनी आमच्याकडे असं पाहिलं की बघा, जुनी सवय कामाला येते. मग त्या माणसाने पाचही गड्ड्या जवळ ओढल्या, टेबलावर ठोकून कडा सरळ केल्या, रबर लावलं आणि दोन्ही हातांनी आदराने अप्पांना दिल्या. पावती मागितली तर म्हणाला, मशीन बंद आहे.

व्हिलावर येऊन कपाटात ठेवण्याआधी अप्पांनी सवयीने पुन्हा मोजलं. बेचाळीस लाख चाळीस हजार. आठ लाख कमी, म्हणजे आपले सव्वाचार हजारांच्या आसपास. चढ्या भावापायी आमचा फायदा किती झाला असता, तर डॉलरमागे पाचशे रुपिया, तीनशे डॉलरला दीड लाख, म्हणजे आठशे रुपयेसुद्धा नाही.

आमच्या ड्रायव्हरला घेऊन आम्ही लगेच परत गेलो. चांगला माणूस, सगळे त्याला ‘ब्ली’ म्हणत, आपल्याकडे दादा म्हणतो तसं. दुकानात आता तिसराच कोणीतरी बसला होता. तो म्हणाला, इथे पैसे बदलतच नाहीत. फलकही आत घेतलेला. ब्लीने त्यांच्या भाषेत बराच वाद घातला, पोलिसांचं नाव घेतलं, पण पावती नाही, फोटो नाही, समोरचा माणूसही तो नाही. पैसे काही मिळाले नाहीत. परतताना ब्लीच जास्त शरमिंदा झाला होता.

अप्पा जेवायच्या वेळी गप्प होते. पैशांचं त्यांना फार नव्हतं, पण “माझ्यासमोर” एवढंच दोनदा म्हणाले. जेवणं झाल्यावर त्यांनी टेबल रिकामं करायला लावलं, उरलेल्या नोटांच्या गड्ड्या मांडल्या आणि नातीला समोर गिऱ्हाईक म्हणून बसवलं. पुढचा तासभर ते एकेक हालचाल पुन्हा पुन्हा करून पाहत होते. आणि त्यांना सापडलं.

एक नोट कमी असणं ही चूक नव्हतीच. ती मुद्दाम काढलेली होती. गिऱ्हाईक जितकं चोख मोजणारं, तितकी ती नोट हमखास सापडणार. सापडली की त्याला वाटतं, आपण याची लबाडी पकडली. तिथून पुढे डोळ्यांतली धार जाते. आणि मुख्य म्हणजे, कमी नोट भरून द्यायच्या निमित्ताने सगळ्या गड्ड्या पुन्हा त्या माणसाच्या हातात जातात. कडा सरळ करायला तो गड्डी ठोकतो तेव्हा तळव्याकडच्या नोटा टेबलाच्या आतल्या कडेवरून खाली सरकतात. अप्पांनी करून दाखवलं. मी समोर बसून टक लावून पाहत होते, तरी आठ नोटा कधी मांडीवर गेल्या ते मला कळलं नाही. नात टाळ्या वाजवायला लागली, अप्पा मात्र हसले नाहीत.

वीस हजारांच्या नोटा कशासाठी, हेही तेव्हा उमगलं. लाखाच्या नोटा असत्या तर सगळी रक्कम पन्नास नोटांत आली असती. त्यातून आठ नोटा गेल्या तर हातालाच जाणवलं असतं. अडीचशे नोटांच्या जाड थप्पीत चाळीस कमी झाल्याचं जाणवत नाही. काही ठिकाणी दहा हजारांच्या नोटाही देतात म्हणे. मोठ्या नोटा संपल्यात असं कोणी म्हणालं, तर डॉलर उचलून चालू पडा.

“आमच्या काउंटरवर साधा नियम होता,” अप्पा म्हणाले. “नोटा एकदा गिऱ्हाईकाच्या हातात गेल्या आणि कुठल्याही कारणाने परत आत आल्या, तर मोजणी पहिल्यापासून.” तो नियम त्यांनी हजारो वेळा पाळला होता, फक्त खिडकीच्या आतल्या बाजूने. बाहेरच्या बाजूला उभं राहून तो आठवायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही परवाना असलेल्या दुकानात गेलो. इंडोनेशियाच्या मध्यवर्ती बँकेचा, बँक इंडोनेशियाचा परवाना ज्यांना असतो त्यांच्या दारावर तशी खूण लावलेली असते, ‘केयूपीव्हीए’ अशी अक्षरं आणि ‘बेरिझिन’ म्हणजे परवानाधारक. आत काच, नोटा मोजायचं मशीन, छापील पावती. भाव फलकावरच्या त्या १६,८०० पेक्षा अर्थातच कमी. अप्पांनी आधी रुपिया मोजून, दुमडून पिशवीत ठेवले आणि मगच डॉलर पुढे केले. काउंटरवरच्या मुलीला त्यात काही वावगं वाटलं नाही. ज्याला वाटेल त्याच्याकडे जाऊच नये.

आता डॉलर नेण्याबद्दल थोडं, कारण तिथेही आम्हाला फटका बसला, तोही आपल्याकडूनच. इंडोनेशियात शंभर डॉलरच्या कोऱ्या नोटेला सगळ्यात चांगला भाव मिळतो. वीस, दहाच्या नोटांना कमी भाव देतात, आणि घडी पडलेली, शिक्का किंवा पेनाची खूण असलेली नोट घेताना कुरकुर करतात किंवा घेतच नाहीत. आम्हाला ज्याने इकडे डॉलर दिले त्याने निम्मे वीसच्या मळक्या नोटांत खपवले होते. एका सहलीला माणशी तीन हजार डॉलरपर्यंत रोख नेता येतात, पण तेवढे नेऊ नयेत असंच मी म्हणेन. जे न्याल ते शंभरच्या कोऱ्या नोटांत मागून घ्या आणि वहीत सपाट ठेवा.

त्याच माणसाने “कुठेही स्वाइप करा, चार्ज नाही” म्हणून डॉलर भरलेलं फॉरेक्स कार्डही गळ्यात मारलं होतं. आपल्याकडच्या बहुतेक फॉरेक्स कार्डांत रुपिया भरायची सोयच नसते. डॉलर भरलेलं कार्ड बालीत वापरलं की दर व्यवहाराला डॉलरचे रुपिया होतात आणि त्यावर बहुतेकदा वेगळं शुल्क लागतं. कार्डात आपण जाणार त्या देशाचं चलन भरता येतं का, नसेल तर शुल्क किती टक्के, हे कार्ड घेण्याआधी विचारा. तोंडी उत्तरावर जाऊ नका, शुल्कांचा छापील तक्ता मागा.

एटीएमबद्दल एकच सांगते. तिथल्या बऱ्याच मशीनमधून आधी पैसे बाहेर येतात आणि कार्ड नंतर. घाईत माणूस पैसे घेऊन निघतो. शेजारच्या व्हिलातल्या पुण्याच्या कुटुंबाचं कार्ड असंच आत राहिलं. नशिबाने त्यांनी फोनवरून लगेच बंद केलं. रस्त्याकडेच्या एकट्या मशीनपेक्षा बँकेच्या शाखेतलं मशीन बरं, कार्ड अडकलं तर निदान आत विचारायला माणूस असतो. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे कार्डाचा परदेशातला वापर आपला आपणच चालू-बंद करू शकतो. आम्ही दुकानातलं स्वाइप चालू ठेवलं होतं, परदेशी ऑनलाइन खरेदी बंद. एटीएमची परवानगी तर पैसे काढायच्या पाच मिनिटं आधी द्यायची आणि लगेच काढून घ्यायची. आणि दोन कार्डं कधीही एका पाकिटात नाहीत, एक सासूबाईंच्या पर्समध्ये.

कार्डावरची फसवणूक बालीतल्याच उबुड गावात झाली. रेस्टॉरंटचं बिल साडेबारा लाख रुपिया. वेटरने मशीन आणलं, कार्ड लावलं, आमच्याकडे पाठ करून एक बटण दाबलं आणि पिन टाकायला मशीन पुढे केलं. पावतीवर रक्कम रुपयांत, ७,०४०. मी तिथेच हिशेब केला. त्या दिवसाच्या दराने ६,६०० सुद्धा होत नव्हते. आमच्या बँकेचं शुल्क साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी धरला, तरी ६,८५० च्या आसपास आले असते. शिवाय रुपयांत झालेल्या परदेशी व्यवहारावरही कित्येक बँका वेगळं शुल्क लावतातच, त्यामुळे दुहेरी भुर्दंड.

मशीन परदेशी कार्ड ओळखतं आणि विचारतं, रक्कम स्थानिक चलनात घ्यायची की कार्डधारकाच्या? आपल्या चलनात घेतली की दर दुकानाच्या बाजूची कंपनी ठरवते आणि त्यात तिचा नफा मिसळलेला असतो. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांच्याही नियमांत ही निवड ग्राहकानेच करायची असते. पण मशीन वेटरच्या हातात. पावतीवर तळाला बारीक अक्षरात छापलेलं असतं की मला निवड दिली होती आणि मी ही स्वीकारली. अप्पांनी ती ओळ वाचली आणि सही करायला घेतलेलं पेन खाली ठेवलं. “ही पण गड्डी ठोकायचीच तऱ्हा,” ते मला म्हणाले.

मॅनेजरला बोलावलं. आवाज चढवला नाही. व्यवहार रद्द करा आणि रुपियात घ्या, मशीन माझ्या हातात द्या, एवढंच तीन-चारदा सांगितलं. सुरुवातीला “सेम सेम, मॅडम” झालं. मग रद्द केलं, आणि या वेळी बटण मीच दाबलं. तेव्हापासून ऑर्डर देतानाच “रुपिया, नॉट इंडियन रुपी” सांगायचं आणि मशीन आधी हातात घ्यायचं ठरवलं. एटीएमच्या पडद्यावरही हाच प्रश्न येतो, तिथे रूपांतर नाकारायचं बटण दाबा. नाकारलं म्हणून व्यवहार अडत नाही, पैसे मिळतात.

व्यवहार रद्द केल्याची वेगळी पावती निघते, ती मागून घ्या आणि तिचा फोटो काढा. तो थर्मल कागद बालीच्या दमट हवेत लवकर पुसट होतो. आमच्या स्टेटमेंटवर आधी दोन्ही रकमा दिसल्या, रद्द झालेली वळती व्हायला वेळ लागला, आणि बँकेने पहिला प्रश्न त्याच पावतीचा विचारला.