फियाट ११०० डिलाइटचे हेडलाइट: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमची फियाट ११०० डिलाइट १९७२ साली कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून बाहेर पडली. वडिलांनी ती १९८१ मध्ये सेकंड हॅण्ड घेतली आणि आजही ती महिन्यातून दोनदा तरी पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगावला जाते. परतीला हमखास रात्र होते आणि घाटात तिचे दिवे कंदिलाच्या तोडीचे पडतात, म्हणून गेल्या नोव्हेंबरात मी हेडलाइट बदलले. आता एक पावसाळा जवळजवळ पुरा झाला आहे, तेव्हा काय साधले आणि कुठे पैसे वाया गेले हे सविस्तर लिहीत आहे.

गाडीला सात इंची गोल सील्ड बीम होते. यात फिलामेंट, रिफ्लेक्टर आणि काच हे सगळे एकत्र बंद असते, त्यामुळे फिलामेंट गेले किंवा काचेला खडा लागला की अख्खा दिवाच बदलावा लागतो. दिवे जुने झाले आहेत असे गृहीत धरून मी नाना पेठेतून त्याच मापाचे, पण बल्ब वेगळा बसणारे एच-४ युनिट आणले आणि त्यांत ६०/५५ वॅटचे हॅलोजन बल्ब घातले. जुन्याच क्रोम रिंगमध्ये ते बिनतक्रार बसले. त्याच रात्री चांदणी चौकाच्या पुढे जाऊन आलो आणि अक्षरशः हिरमुसलो. उजेड वाढला होता, पण आणा-दोन आणे.

कारण कळले ते आमच्या जुन्या वायरमनकडे. त्याने बोनेट उघडले, इंजिन थोडे रेस करून ठेवायला सांगितले आणि मीटरच्या पिना आधी बॅटरीला व मग दिव्याच्या होल्डरला लावल्या. बॅटरीवर १३.६ व्होल्ट, होल्डरवर ११.२. "काका, बल्ब कशाला बदलत बसलात? करंट वाटेतच संपतोय." पन्नास वर्षांच्या बारीक वायरी, गंजलेल्या क्लिपा आणि स्विचचे काळे पडलेले पॉइंट यांत जवळपास अडीच व्होल्ट गळत होते. बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साध्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी वेगाने कमी होतो. व्होल्टेज दहा टक्के घटले तर उजेड सुमारे तीस टक्के जातो आणि आमच्या गाडीत तो निम्म्यावर आला होता. म्हणजे मी रोग पायात असताना चष्मा बदलला होता.

त्याने अपर (लांबचा झोत) आणि डिपर (जवळचा, खाली पडणारा झोत) यांच्यासाठी दोन रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच, बसवले. बॅटरीपासून फ्यूजमार्गे जाड वायर थेट रिलेकडे, तिथून दिव्याकडे, आणि प्रत्येक दिव्याला स्वतंत्र अर्थिंगची वायर अशी ही जोडणी आहे. जुन्या स्विचला आता फक्त रिले चालू-बंद करायचा असतो. पूर्वी दोन्ही दिव्यांचा मिळून नऊ-दहा अँपिअरचा भार त्याच्यातूनच जाई आणि अर्ध्या तासात तो हाताला गरम लागे, आता तो थंड असतो. होल्डरवर १३.२ व्होल्ट मिळतात. या कामाला एक दुपार लागली आणि खर्च दिव्यांच्या खर्चाच्या निम्माही आला नाही. हे काम आधी केले असते, तर कदाचित जुन्या सील्ड बीमवरच भागले असते.

उजेड वाढल्यावर दुसरी चूक उघडी पडली. समोरून येणारे एकजात डिपर मारू लागले. सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्री गाडी भिंतीपासून दहा मीटरवर उभी केली, मुलाला ड्रायव्हरच्या सीटवर बसवले आणि पाहिले, तर डिपरचा झोत उजवीकडे वर चढत होता. दुकानदाराने रस्त्याच्या उजव्या बाजूने गाड्या चालवणाऱ्या देशांसाठी असलेल्या काचा गळ्यात मारल्या होत्या. आपल्याकडे झोत डावीकडे, साइडपट्टीच्या बाजूने वर जायला हवा. युरोपीय मानकाच्या काचेवर याची खूण असते. समोरून पाहताना उजवीकडे टोक असलेला बाण दिसला तर ती आपल्या कामाची, बाणच नसेल तर नाही. युनिट बदलून मिळाले, मात्र दोन खेपा आणि बरीच हुज्जत घालून. नंतर त्याच भिंतीवर झोताची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा दहा सेंटिमीटर खाली येईल असे स्क्रू फिरवून घेतले. लहानपणी याच दिव्यांच्या वरच्या अर्ध्या भागाला काळा रंग फासलेला असे, त्याची आठवण झाली.

मधल्या काळात एका मित्राच्या आग्रहाखातर आठवडाभर एलईडी बल्बही घालून पाहिले. जवळचा रस्ता दुधासारखा पांढरा दिसे, पण लांबचे काहीच दिसत नसे आणि झोताची कड पार विस्कटली होती. हा रिफ्लेक्टर हॅलोजनच्या बारीक फिलामेंटची जागा धरून बनवलेला असतो, त्यात दुसरे काही कोंबले की प्रकाश वाटेल तिकडे उधळतो. ते बल्ब डब्यात पडून आहेत. शंभर वॅटचे बल्बही मला सुचवले गेले होते, पण ते रस्त्यावर बेकायदा आहेत आणि होल्डर वितळवतात.

पावसाळ्यात, विशेषतः जुलैत ताम्हिणीच्या धुक्यात, हॅलोजनचा किंचित पिवळा उजेड फार उपयोगी पडला. डिपरवर कडेचा पांढरा पट्टा आणि संरक्षक कठडा स्वच्छ दिसतो. अपर लावला तर समोर पांढरी भिंतच उभी राहते, तिथे कोणताही दिवा काही करू शकत नाही.

तक्रारी दोन आहेत. डाव्या युनिटमध्ये ऑगस्टमध्ये पाणी शिरले आणि रिफ्लेक्टरच्या तळाशी रुपयाएवढा डाग पडला. बल्बमागचे रबरी बूट (टोपणे) पातळ होते, आता दोन्हीकडे जाड बूट घातले आहेत. दुसरी तक्रार गाडीच्या वयाची आहे. बॅटरी चार्ज करायला तिला आजच्या गाड्यांसारखा अल्टरनेटर नाही, जुन्या पद्धतीचा डायनॅमो आहे, आणि तो आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन मंद चालू असताना) जवळजवळ काहीच देत नाही. संध्याकाळी सिग्नलला वायपर व दिवे चालू ठेवून उभे राहिले की चार्जिंगचा लाल दिवा लागतो आणि उजेड मंदावतो, म्हणून तिथे मी हेडलाइट बंद करून पार्किंग लाइटवर थांबतो. अल्टरनेटर बसवण्याचा मोह होतो, पण पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना विंटेज म्हणून नोंदवण्याचे २०२१ चे नियम मूळ स्वरूपावर भर देतात आणि मला ती नोंदणी करायची आहे. रिले जुन्याच बोल्टवर अडकवले आहेत, कुठे नवे भोक पाडलेले नाही. दोन्ही सील्ड बीम वडिलांच्या जुन्या धोतरात गुंडाळून डिकीत ठेवले आहेत.