उलट प्रश्न विचारणारं सॉफ्टवेअर: लिनक्सवर मॅक्सिमा

मुलुंडला घरीच इंजिनिअरिंगच्या पोरांची मॅथ्सची बॅच घेते, तिसऱ्या सेमला लाप्लास आणि फोरियर ट्रान्सफॉर्मचे धडे आले की सगळ्यांची धावपळ सुरू होते आणि मग हमखास प्रश्न येतो, मॅडम उत्तर तपासायला कुठलं सॉफ्टवेअर टाकू? महागडं लायसन्स घ्यायला निम्म्यांकडे पैसे नसतात आणि क्रॅक केलेलं मी टाकू देत नाही. गेली दोन वर्षं मी स्वतः मॅक्सिमा वापरतेय, इंटिग्रेशन-डिफरन्शिएशनसारखी गणितं सोडवून देणारं फुकट सॉफ्टवेअर, म्हणून आज नीट लिहिते.

लॅपटॉप माझा लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला रिकंडिशन्ड, ४ जीबी रॅम, त्यावर लिनक्स मिंट एक्सएफसीई. टर्मिनल, म्हणजे कमांड टाईप करायची खिडकी, उघडायचं, ॲप्ट ही सॉफ्टवेअर उतरवून बसवणारी कमांड, सुडो ॲप्ट अपडेट, मग सुडो ॲप्ट इन्स्टॉल डब्ल्यूएक्समॅक्सिमा, संपलं. मिंटवर पासवर्ड टाईप करताना चांदण्या दिसतात, पण दुसऱ्या काही लिनक्सवर स्क्रीनवर काहीच दिसत नाही, पोरं तिथेच घाबरतात, पण तो जात असतो, एंटर मारा. मूळ मॅक्सिमा बरोबरच येतं, डब्ल्यूएक्स म्हणजे त्याच्यावरची बटणं-मेनूवाली खिडकी. ग्राफ काढायचं काम नूप्लॉट (gnuplot) नावाचा वेगळा प्रोग्रॅम करतो, ग्राफ आला नाही तर आधी तो इन्स्टॉल आहे का बघा. ॲप्टमधून येणारं व्हर्जन थोडं जुनं असतं पण आपल्या सिलॅबसला काहीच फरक पडत नाही. आणि एकदा बसलं की नेट लागत नाही, जुलैत आमच्याकडे दोन दिवस ब्रॉडबँड बंद होतं तेव्हा बॅच निवांत चालली.

आता पहिल्या दिवशी सगळे जिथे अडकतात ते सांगते. लिहून झाल्यावर नुसतं एंटर मारलं तर खालची ओळ येते, उत्तरासाठी शिफ्ट धरून एंटर. दोन एक्स लिहायचं तर मधे गुणाकाराची चांदणी पाहिजेच, नाहीतर सिंटॅक्स एरर. व्हेरिएबलला किंमत द्यायला बरोबरचं चिन्ह नाही तर कोलन, बरोबरचं चिन्ह टाकलं तर ते त्याला समीकरण समजतं. आणि सगळ्यात फसवं म्हणजे ई आणि पाय, दोघांच्या आधी टक्क्याचं चिन्ह द्यावं लागतं. नुसतं ई लिहिलंत तर तो साधा व्हेरिएबल धरला जातो आणि ई चा एक्स घात डिफरन्शिएट केला की मागे लॉग ई लटकलेला येतो, एरर काहीच नाही! माझ्या एका विद्यार्थ्याची अख्खी संध्याकाळ ह्यात गेली.

पण मला हे का आवडतं ते वेगळंच आहे. एक्सचा एन घात इंटिग्रेट करायला सांगा, ते उत्तर द्यायच्या आधी थांबतं आणि विचारतं, एन उणे एक आहे का? मी फळ्यावर पन्नास वेळा ओरडून सांगते की उणे एकला तो फॉर्म्युला चालत नाही, तिथे लॉग येतो, आणि पोरं पन्नास वेळा विसरतात, पण मशीनने तेच विचारल्यावर एकदम शांत होऊन विचार करायला लागतात. तसंच ई चा उणे ए-एक्स घात शून्य ते अनंत इंटिग्रेट करायला घेतला की विचारतं ए धन, ऋण की शून्य. दरवेळी उत्तर द्यायचा कंटाळा आला तर आधीच अझ्यूम ही कमांड वापरून ए धन आहे म्हणून सांगून ठेवा, पण पहिले काही दिवस सांगू नका असा माझा आग्रह आहे.

ह्याचं मूळ अमेरिकेतल्या एमआयटीत १९६८ ला सुरू झालेल्या Macsyma ह्या प्रोग्रॅममध्ये आहे, उच्चार जवळजवळ हाच, स्पेलिंग वेगळं, आणि तो लिस्प भाषेत लिहिलेला. विल्यम शेल्टर नावाच्या प्राध्यापकांनी १९८२ पासून २००१ ला वारले तोपर्यंत त्याची एक प्रत सांभाळली आणि १९९८ ला ती जीपीएल ह्या मुक्त सॉफ्टवेअरच्या लायसन्सखाली खुली करायची परवानगी मिळवली. त्या माणसामुळे आज मुलुंडमधला पोरगा हे फुकट वापरतोय, मला त्याचं फार वाटतं.

कमी काय आहे? स्टेप्स दाखवत नाही, फक्त उत्तर. इंटिग्रेशनचा कॉन्स्टंट लावत नाही, तो तुम्ही लावायचा. वन अपॉन एक्सच्या इंटिग्रेशनचं उत्तर लॉग एक्स देतं, मॉड्युलस पाहिजे तर लॉगॲब्स ही सेटिंग ट्रू करावी लागते. उत्तर तुमच्यापेक्षा वेगळ्या रूपात आलं तर लगेच चूक समजू नका, दोन्हींची वजाबाकी करून रॅटसिम्प किंवा ट्रिगसिम्प ह्या सोपं रूप देणाऱ्या कमांड लावा, शून्य आलं तर तुमचंही बरोबर.

मॅट्रिक्स, न्यूमरिकल मेथड्स करायच्या तर ऑक्टेव्ह हे दुसरं फुकट सॉफ्टवेअर घ्या, तेही ॲप्टने येतं आणि मॅटलॅब ह्या विकतच्या सॉफ्टवेअरचा बराचसा कोड त्यात चालतो. सेजमॅथ हे आणखी एक गणिताचं सॉफ्टवेअर जबरदस्त आहे, पायथनवर आहे, पोटात मॅक्सिमाच वापरतं, पण माझ्या लॅपटॉपला जड जातं आणि इन्स्टॉलला कॉन्डा वगैरे वेगळी साधनं लागतात, पहिल्यांदाच लिनक्सवर आलेल्याला मी देणार नाही. टर्मिनलचीच भीती असेल तर पवईच्या आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल नावाचे शिकवणीचे व्हिडिओ बघा, लिनक्सचे व्हिडिओ मराठीतही आहेत.

गेल्या महिन्यात एक पोरगी झेरॉक्स नोट्स घेऊन आली. टी साइन टू-टी चा लाप्लास. तिने वर ४एस आणि खाली (एस वर्ग अधिक ४) ह्या अख्ख्या कंसाचा वर्ग असं बरोबर काढलं होतं, पण नोट्सच्या मागे २एस छापलेलं बघून स्वतःचं खोडलं होतं. मी काहीच बोलले नाही, लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. तिने टाईप केलं, ४एस आलं. तरी तिला पटेना, मग साइन टू-टी चा लाप्लास आधी काढून तो डिफरन्शिएट करून उणे चिन्ह लावलं, परत ४एस. मग तिने लाल पेन मागितलं आणि नोट्समधलं उत्तर खोडलं.