आजीच्या सहा लुगड्यांच्या दोन वाकळी : सांगलीच्या खणभागातील शिवणकामाचा अनुभव

आमची आजी गेल्या वर्षी वयाच्या ९५ व्या वर्षी गेली. सांगलीचा आयर्विन पूल ज्या साली खुला झाला, ते १९२९ हे तिच्या जन्माचे साल, आणि म्हणून कोणी वय विचारले की ती "मी पुलाच्या वयाची" असे सांगत असे. तिच्यामागे दागिने फारसे राहिले नाहीत. राहिली ती एक पत्र्याची ट्रंक आणि तीत घडी करून ठेवलेली सहा नऊवारी लुगडी. तिने स्वतः शिवलेल्या सगळ्या वाकळी, म्हणजे जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, २०१९ च्या महापुरात गेल्या होत्या. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर चढले त्या ऑगस्टमध्ये गावभागातल्या आमच्या घरात छातीभर पाणी होते, आणि गाळाने भरलेल्या त्या वाकळी कितीही धुतल्या तरी वास जाईना, म्हणून शेवटी टाकाव्या लागल्या. ट्रंक माळ्यावर होती म्हणून वाचली. त्या लुगड्यांच्या वाकळी करून वर्षश्राद्धापूर्वी घरात याव्यात, असे आम्ही सर्वांनी मिळून ठरवले.

सुरुवातीला चौकशी केली तेव्हा एका ठिकाणी आत फायबर भरून यंत्रावर शिवून देतो, असे सांगण्यात आले. आम्हाला ते पटले नाही. वाकळीची ऊब येते ती एकावर एक घातलेल्या जुन्या सुती थरांमुळे आणि त्यांच्यामध्ये धरून राहिलेल्या हवेमुळे. तिथे फायबरचे काम नाही. खणभागात एका जुन्या घराच्या ओसरीवर हाताने वाकळी शिवणाऱ्या एक काकी आहेत, हे शेजारणीकडून कळले. दुकानाला पाटी नाही आणि काम ओळखीनेच मिळते.

काकींनी लुगडी हातात घेतल्यावर आधी मापाचे काहीही विचारले नाही. एकेक लुगडे उलगडून त्या विचारत गेल्या, की हे कुणी घेतलेले, कधीचे, कुठे नेसायच्या. त्यामुळे आम्हालाही आजी पुन्हा क्रमाने आठवत गेली. हिरवे इरकली लुगडे तिच्या अंगावर होते ते ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, कोयनेच्या भूकंपात, आणि त्याच्याच पदरात गुंडाळून तिने माझ्या धाकट्या काकांना अंगणात आणले होते. जांभळे लुगडे तिने तासगावच्या गणपतीच्या रथोत्सवासाठी राखून ठेवलेले असे, कारण माहेर तासगावचे आणि रथाचा दोर ओढायला जाणे तिने ऐंशीपर्यंत सोडले नाही. माहेरच्या आठवणींत ती १९४२ च्या सप्टेंबरात तासगावच्या कचेरीवर गेलेल्या मोर्चाचे नेहमी सांगे. तेव्हा ती तेरा वर्षांची होती आणि माणसे वाड्यासमोरून गेली ती तिने माडीवरच्या खिडकीतून पाहिली होती.

सर्वांत जास्त वेळ काकी थांबल्या त्या एका विटक्या तांबड्या लुगड्यापाशी. त्याला मधोमध दंड घातलेला आहे. १९७२ च्या दुष्काळात आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात असे. घरात मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी होती आणि नवे लुगडे घेणे शक्य नव्हते, म्हणून विरलेला मधला भाग काढून दोन्ही टोके तिने एकमेकांना जोडली होती. तो दंड इतक्या बारीक टाक्यांचा आहे, की बोट फिरवल्याशिवाय कळत नाही. आम्ही तो भाग आतल्या थरात घालावा असे सुचवले. त्यावर काकी म्हणाल्या, "न्हाय ताई, ह्यो वर पायजे. म्हातारीच्या हातचं काम हाय, त्ये झाकायचं कशाला?" त्यांचे म्हणणे आम्ही मानले, आणि तेच योग्य ठरले.

कामाबद्दल सांगायचे तर ते उत्तम आहे. सहा लुगड्यांच्या दोन वाकळी झाल्या असून विरलेला भाग त्यांनी आधीच वेगळा काढला. कापड धुऊन, कडक उन्हात वाळवून मग थर अंथरले. दोरे कडेने आत, चौकोनात चौकोन असे घातलेले आहेत, दोन ओळींत जेमतेम बोटभर अंतर आहे, आणि उलटी बाजूही सुलटीइतकीच नीट आहे. इरकलीचे काठ कुठेही तोडलेले नाहीत. ते चारही बाजूंनी फिरवून घेतले आहेत. प्रत्येक वाकळीची मजुरी १८०० रुपये झाली, दोरा त्यांचाच. दीड महिना बसून केलेल्या हातकामाला ही रक्कम कमी आहे असे मला मनापासून वाटते, आणि पुढे जाणाऱ्यांनी घासाघीस करू नये अशी विनंती आहे.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. काम चार आठवड्यांत देतो म्हणाल्या होत्या, त्याला सात आठवडे लागले; मधल्या काळात फोन उचलला गेला नाही आणि आमचा जीव टांगणीला लागला. वाकळी हाती आल्या त्या वर्षश्राद्धाच्या आदल्या संध्याकाळी. शिवाय जांभळ्या पदराचा एक तुकडा उलटा लागला होता. तो त्यांनी दाखवताक्षणी उसवून समोर बसून पुन्हा लावून दिला. ठरावीक तिथीसाठी काम हवे असेल तर निदान तीन महिने आधी द्यावे आणि आठवड्याला एकदा स्वतः जाऊन यावे.

हिरवी वाकळ तासगावला आत्याकडे गेली. दंडाची आमच्याकडे आहे, आणि माझे वडील ती पायांवर घेऊन बसतात तेव्हा त्यांचा अंगठा नेमका त्या शिवणीवरून फिरत असतो. उरलेल्या चिंध्यासुद्धा काकींनी पिशवीत बांधून परत दिल्या होत्या. त्यांतून आईने देवघरात बसायला एक लहान बसकूर शिवले आहे.